हाड बिघडले, दाद कुठे मागायची?

६ मे १९५३. दिवस मावळायच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. घर तिथून दीड मैल. खाट आणून त्याला घरी न्यायलाच बराच वेळ गेला. रात्री साडेआठ-पावणेनऊला तिथले डॉक्टर आले, त्यांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला हलवायचा सल्ला दिला. ८ मेच्या रात्री एकला टॅक्सी निघाली. दोनशे मैल तोडून ९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास ती पुण्यात पोचली. मुलाचे वडील स्वतः दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर; तेही तोवर पुण्यात आले होते. दुपारी सव्वादोनला मुलाला एका खासगी रुग्णालयात दाखल केले. मॉर्फियाचे एक इंजेक्शन झाले, दोन एक्स-रे झाले. शस्त्रक्रियेच्या खोलीत तासाभराहून थोडा जास्त वेळ गेला, पायाला प्लास्टर घातले गेले आणि साडेपाचला मुलगा त्याच्या खोलीत परत आला. सातपर्यंत गुंगी उतरेल असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की त्याला खोकला येतोय, श्वास घेता येत नाहीये. रात्री नऊला तो गेला.

दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले होते फॅट एम्बॉलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून अडकणे. आईवडिलांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, पुरेशी भूल न देता तीन माणसांकरवी पाय ओढून हाड बसवले गेले आणि तो धक्का मुलाला सोसला नाही. डॉक्टरांचा बचाव असा की, हाड बसवण्याचे काम आपण पुढे ढकलले होते, तूर्त पाय स्थिर करण्यापुरतेच प्लास्टर घातले. दिवाणी न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे मान्य करून ३,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो कायम केला. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचे अपील फेटाळले. प्रकरण घडून तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.

‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निकाल आजही देशभरच्या न्यायालयांत आणि ग्राहक आयोगांत उद्धृत होतो. वैद्यकीय हयगयीच्या भारतीय कायद्याचा पाया एका कोकणातल्या मुलाच्या मोडलेल्या मांडीवर घातला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. न्यायालयाने डॉक्टरच्या कर्तव्याचे तीन भाग सांगितले. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. या तिन्हींत वाजवी कौशल्य अपेक्षित आहे; सर्वोच्च दर्जाचेही नाही आणि अगदी सुमारही नाही.

हा ‘वाजवी’ शब्द नीट पाहिला पाहिजे, कारण बहुतेक तक्रारी इथेच अडखळतात. हात वाकडा जुळला, पाय आखूड झाला, जखम चिघळली, म्हणजे डॉक्टरची चूक झालीच, असे आपण धरून चालतो. कायदा तसे धरत नाही. चांगल्यातल्या चांगल्या हातांनी बसवलेली प्लेटही कधी तुटते. निर्जंतुक खोलीत केलेल्या शस्त्रक्रियेतही कधी पू होतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली गाजलेल्या बोलम खटल्यात विजेच्या उपचारादरम्यान झटक्यांनी रुग्णाच्या खुब्याची हाडे मोडली होती. स्नायू सैल करणारे औषध का दिले नाही, हा त्याचा सवाल होता. तेव्हाच्या डॉक्टरांत त्याविषयी दोन मते होती, आणि जबाबदार जाणकारांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत वापरणारा डॉक्टर केवळ दुसरा गट वेगळे करतो म्हणून दोषी ठरत नाही, असे ठरले. आपल्याकडेही कसोटी मुख्यतः तीच. मनगटाचे एखादे हाड एक डॉक्टर प्लास्टरमध्ये ठेवेल, दुसरा तार घालेल, तिसरा प्लेट बसवेल. तिघेही बरोबर असू शकतात. तेव्हा ‘शेजारच्या डॉक्टरांनी प्लेट बसवली असती’ या एका वाक्यावर दावा उभा राहत नाही.

मग कशावर राहतो? एक उदाहरण जवळून पाहू. समजा, नऊ वर्षांचा मुलगा झाडावरून पडला आणि कोपराच्या वर हाड मोडले. लहान मुलांत हे फार आढळते. संध्याकाळी सातला हाड बसवून प्लास्टर घातले. रात्री दहाला मूल रडू लागले. सिस्टरने दुखण्याचे औषध दिले. बाराला पुन्हा रडारड, पुन्हा औषध. दोनला आई म्हणाली, बोटे सुजलीत, हात लावू देत नाही. ‘प्लास्टर नवीन आहे, दुखणारच,’ असे उत्तर मिळाले. सकाळी नऊला मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा बोटे गार आणि निळसर पडली होती.

इथे जे घडले असण्याची शक्यता आहे त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मार लागलेल्या हाताला सूज येते, वरून प्लास्टर आवळलेले, आत स्नायूंना रक्त पोचेनासे होते. दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि औषधाने न थांबणारी वेदना, बोटे सरळ करताना असह्य कळ, मुंग्या, मग बधिरपणा, अशी ती लक्षणे वाढत जातात. नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नाडी जाते ती फार उशिरा. साधारण सहा ते आठ तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. त्यातून उरतो तो आखडलेला, पंजासारखा वाकलेला हात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ सालीच त्याचे वर्णन करून ठेवले आहे. संशय येताच प्लास्टर आतल्या कापसासकट उभे कापायचे, तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया करून आतला दाब मोकळा करायचा, हे हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला पदव्युत्तर शिक्षणात शिकवलेले असते.

म्हणजे हाड बसवण्यात काही चूक नव्हती. प्लास्टर घालण्यातही कदाचित नव्हती. चूक असलीच तर रात्री दहा आणि सकाळी नऊच्या मध्ये आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरला कुणी बोलावले का? बोटांची तपासणी दर दोन तासांनी झाली का? झाली असेल तर लिहून ठेवली का? आयोगासमोर किंवा न्यायालयात जो प्रश्न विचारला जाणार तो हाच: त्या वेळी, त्या ठिकाणी, साधारण जाणत्या डॉक्टरने काय केले असते, आणि इथे काय केले गेले? ‘माझ्या मुलाच्या हाताचे वाटोळे केले’ हे खरे असले तरी ते तक्रारीतले शेवटचे वाक्य आहे. पहिले वाक्य घड्याळाच्या वेळांनी सुरू व्हावे लागते.

आणि वेळा मिळतात कागदांत.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे रुग्णालयाची फाईल नव्हे. ते दीड पानी गोषवारा असतो आणि त्यात ‘रुग्णाची प्रकृती समाधानकारक’ हे वाक्य जवळजवळ छापूनच ठेवलेले असते. मागायचे ते पूर्ण इनडोअर केस पेपर: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरच्या नोंदी, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, कोणते औषध किती वाजता दिले त्याचा तक्ता, भूल देणाऱ्या डॉक्टरची नोंद, शस्त्रक्रियेची टिपणी, सही केलेली संमतीपत्रे, बसवलेल्या प्लेट-स्क्रूचे स्टिकर, आणि एक्स-रेच्या नुसत्या अहवालाबरोबर मूळ फिल्म किंवा सीडी. यांतली सिस्टरची नोंदवही मला सर्वांत मोलाची वाटते. डॉक्टर दिवसातून दोनदा लिहितात, सिस्टर रात्रभर लिहीत असते, आणि ‘२.१० वाजता डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी एक ओळ अनेकदा सगळे प्रकरण उलगडते, कधी रुग्णाच्या बाजूने तर कधी डॉक्टरच्या.

हे कागद मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच सांगितले होते की रुग्णाला त्याचे केस पेपर नाकारता येत नाहीत. अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख-सही घ्यावी. काउंटरवर घेत नसतील तर पोच येईल अशा टपालाने पाठवावा. ‘मेडिकल रेकॉर्ड विभागाचे साहेब सुट्टीवर आहेत’ हे उत्तर मिळणारच. त्यावर वाद न घालता पोच घेऊन यावे. नोंदी दिल्याच नाहीत तर ते रुग्णालयाच्याच अंगावर येते, कारण लपवण्यासारखे काही होते असा अर्थ आयोग काढू शकतो. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

आपल्या बाजूचे कागदही जपायला हवेत. जखमेचे फोटो रोज काढावेत. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते. औषधांची बिले, रिक्षा-ॲम्ब्युलन्सचे पैसे, रजेमुळे कापलेला पगार, सगळे एका पिशवीत. मूळ एक्स-रे कुणालाही देऊन टाकू नयेत, पुढच्या डॉक्टरलासुद्धा नाही. दाखवावेत आणि परत घ्यावेत.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर नातेवाईक हटकून एक प्रश्न विचारतात: ‘पहिल्यांनी चूक केली ना?’ समोरचा डॉक्टर एकतर गप्प बसतो, नाहीतर ‘तसे सांगता येणार नाही’ म्हणतो. एकाच गावात, एकाच संघटनेत वावरणाऱ्या माणसाकडून याहून वेगळे उत्तर मिळावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याऐवजी म्हणावे, ‘आज हाताची जी स्थिती आहे ती कागदावर लिहून द्या.’ बोटे किती वळतात, जखम किती सेंटिमीटर आहे, पू आहे का, हाड किती अंशांत वाकडे जुळले आहे. हे लिहायला कुठलाही प्रामाणिक डॉक्टर नकार देत नाही, आणि पुढे तज्ज्ञाला मत द्यायला हेच लागते.

रुग्णालयाचा बचाव कुठून येईल तेही आधीच ओळखावे. मधल्या काळात हाडवैद्याकडे जाऊन लेप लावला होता का? तपासणीच्या तारखा चुकवल्या का? प्लास्टर घरी कापले का? मधुमेह सांगितला होता का? आणि सगळ्यांत घातक, ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर न वाचता सही केली का? असे काही घडले असेल तर ते आपल्या वकिलापासून लपवू नये. त्याने दावा संपत नाही. पण समोरच्याने ते आधी मांडले तर आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता दाद मागण्याची दारे. ती चार-पाच आहेत आणि प्रत्येकाच्या आत वेगळी गोष्ट मिळते. पैशांची भरपाई हवी असेल तर सर्वसाधारण माणसासाठी ग्राहक आयोग हेच मुख्य दार आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल दिला. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरले असले तरी रुग्ण ग्राहकच. २०१९ चा नवा कायदा करताना मसुद्यातला ‘आरोग्यसेवा’ हा शब्द गळला, तेव्हा आता डॉक्टर सुटले अशी हाकाटी झाली होती. आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निकालात काढली. डॉक्टरी सेवा कायद्यात आहे.

या दाराच्या काही सोयी लोकांना माहीत नसतात. तक्रार आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. चिपळूणच्या माणसाने मुंबईत उपचार घेतले असतील तर त्याला मुंबईच्या फेऱ्या मारायची गरज नाही, रत्नागिरीचा जिल्हा आयोग चालतो. कोणत्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे हाडाच्या दुखापतींची बहुतेक प्रकरणे जिल्ह्यातच राहतात. दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही देता येतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि काही तपासणी करून घ्यायची असेल तर पाच महिने, असा काळ लिहिलेला आहे. तो वाचून कुणी हसू नये, पण त्यावर विसंबूनही राहू नये. वैद्यकीय प्रकरण वर्षानुवर्षे चालते. वकील सक्तीचा नसला तरी वैद्यकीय प्रकरणात उलटतपासणीचे प्रश्न काढायला जाणता वकील असावा, असे माझे मत आहे.

मुदत मात्र कडक आहे: कारण घडल्यापासून २ वर्षे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटण्याजोगे कारण लागते. गोव्यात सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. त्यांची १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटात दुखणे तेव्हापासूनच होते. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले गॉज सापडले. त्यांनी २००४ मध्ये तक्रार केली. चूक ज्या दिवशी उघड होते तेव्हापासून मुदत मोजायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाला मान्य होते. तरीही २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरली. स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असून नऊ वर्षे वेदनाशामक घेत बसलात, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे परत का गेला नाहीत, हा प्रश्न त्यांना आडवा आला. निकाल कठोर वाटतो, मलाही वाटला. पण तो आहे.

सरकारी रुग्णालयाचे काय? जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. केस पेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणून ग्राहक होता येत नाही, हेही शांता निकालात स्पष्ट आहे. मात्र ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत तपासतात तिथले मोफत रुग्णही कायद्याखाली येतात. बाकीच्यांसाठी दिवाणी दावा; सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ही वाट पोकळ नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. कोणत्या डॉक्टरची नेमकी चूक हे बोट ठेवून दाखवता येईना. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की टॉवेल आत राहणे हीच हयगय आहे, ती कुणाची हे शोधत बसायची गरज नाही, मालक म्हणून राज्य सरकार जबाबदार. भरपाई ३६,००० रुपये, तेहतीस वर्षांनी.

दुखापत झालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवणे हा प्रकार वेगळा मोजला जातो. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने प्रत्येक डॉक्टरवर, सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे कर्तव्य आधी आणि पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे बंधन घातले. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक ‘खाट नाही’ म्हणून हाकलले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवून त्याला २५,००० रुपये देवविले. ‘पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही’ हे वाक्य आजही ज्याला ऐकावे लागते त्याने ते बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ तेवढी टिपून ठेवावी.

डॉक्टरचा परवाना रोखला जावा, त्याला ताकीद मिळावी, असे वाटत असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. तिथे शपथपत्रासह तक्रार करता येते. पण परिषद एक रुपयाही भरपाई देत नाही, आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. हाड बसवणारा नेमका कोणत्या पदवीचा होता हे आधी तपासावे. कधी कधी तक्रारीचा खरा मुद्दा तिथेच सापडतो.

पोलीस ठाण्याकडे लोक सर्वांत आधी धावतात आणि तिथून सर्वांत कमी हाती लागते. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला साधी हयगय पुरत नाही, ती ढोबळ, अक्षम्य असावी लागते. आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे. म्हणून अर्ज दिल्या दिवशी गुन्हा नोंदला जात नाही; कागद मतासाठी सरकारी रुग्णालयाकडे जातात आणि तिथे रेंगाळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत उपचार करताना डॉक्टरच्या हयगयीने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, इतरांना त्याच कलमात ५ वर्षांपर्यंत. रागाच्या भरात रुग्णालयाची काच फोडली तर मात्र आपल्यावरच २०१० च्या राज्य कायद्याने अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली. ज्या प्रकरणात रुग्णाची बाजू बळकट होती तिथेही या एका काचेने पारडे फिरते.

सर्वांत अवघड टप्पा तज्ज्ञाच्या मताचा. आयोग कागद एखाद्या सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकतो, आणि तिथून अनेकदा ‘हयगय आढळून येत नाही’ अशी कारणे न देणारी एक ओळ येते. म्हणून आपल्या अर्जातच मंडळापुढे ठेवायचे प्रश्न नेमके लिहावेत. ‘हयगय झाली का?’ असा मोघम प्रश्न नको. ‘रात्री दहा ते सकाळी नऊ या वेळेत बोटांच्या रक्ताभिसरणाची तपासणी किती वेळा व्हायला हवी होती आणि नोंदींत किती वेळा दिसते?’ असा प्रश्न हवा. त्याला एका ओळीत वाटाण्याच्या अक्षता लावता येत नाहीत. पाठ्यपुस्तकांतली पाने आणि मान्य मार्गदर्शक सूचनाही जोडता येतात. शिवाय २०१० च्या व्ही. किशन राव निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही. डाव्या गुडघ्याऐवजी उजवा उघडला, तर वस्तुस्थितीच बोलते. २००४ च्या सविता गर्ग निकालाने आणखी एक ओझे उतरवले: रुग्णाने प्राथमिक बाजू मांडली की काळजी घेतली होती हे दाखवणे रुग्णालयाकडे येते, आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पक्षकार केले नाही म्हणून तक्रार पडत नाही.

भरपाई किती मिळेल, हा प्रश्न सगळे विचारतात. २०१३ चा कुणाल साहा निकाल, सुमारे सहा कोटी रुपये आणि वर व्याज, वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. त्यात पत्नी १९९८ मध्ये गेली होती आणि लढणारा पती स्वतः अमेरिकेत काम करणारा डॉक्टर होता. तो आकडा आपल्या तक्रारीत उतरवून काही साधत नाही. पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेली कमाई, पुढच्या फिजिओथेरपीचा अंदाज, सरकारी मंडळाने दिलेला अपंगत्वाचा टक्का, आणि सोसलेल्या वेदनेसाठी एक माफक रक्कम, असा हिशेब आयोगाला पटतो. बहुतेक डॉक्टरांनी व्यावसायिक विमा उतरवलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे. विमा कंपनीला पक्षकार करता येते. डॉक्टर तोंडाने चूक कबूल करायला कचरतात त्यामागे स्वभावाइतकीच त्या विम्याच्या अटींची भीती असते. आयोगामार्फत मध्यस्थीही होते, आणि रक्कम वाजवी असेल तर ती नाकारू नये. फक्त पैसे खात्यात जमा होण्याआधी ‘काहीही तक्रार नाही’ या कागदावर सही करू नये.

२००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांचे कागद जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचे आहे, आणि ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षांची. घरात असा प्रसंग घडून वर्ष उलटले असेल तर पूर्ण केस पेपर मागणारा अर्ज या आठवड्यातच द्या आणि त्याची पोच घ्या. तक्रार करायची की नाही, ते कागद वाचल्यावर ठरवा.